रस्त्यातले दगड

आमचं घर ग्वाल्हेरच्या दाना ओलीत. ओली म्हणजे आपली ओळच. शहराच्या लश्कर भागात मराठी माणसांबरोबर आली आणि हिंदीत मुरली. आजोबा धान्याच्या पेढीवर मुनीम होते. माप घालण्याआधी ते तराजूचा पासंग बघत. वाटणीचं गणित मी त्यांच्याकडून शिकले: एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जाणारच.

अपघाताचा दोषही आपण असाच तोलतो.

गेल्या हिवाळ्यात आग्र्याहून परतत होतो. मुरैना मागे पडलं आणि धुकं दाटलं. भावाचा काटा नव्वदवर. अचानक समोर बाभळीची फांदी, मागे चार दगड, त्यामागे ट्रक. मागचे दिवे बंद, नंबराची पाटी चिखलाने लिंपलेली. गाडी तिरकी होऊन दगडांपासून वीतभर अंतरावर थांबली. जॅकजवळून ड्रायव्हर ओरडला, "अंधे हो क्या?" भावानेही त्याची आई-बहीण काढली. दोघांचंही बरोबर होतं. आणि आठच्या आत घरी पोहोचायचा धोशा मी लावला होता, मागच्या सीटवर पट्टा न लावता.

15 ऑक्टोबर 2023च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली, 12 जण गेले. गाडीत क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं कोंबलेली. ट्रक तपासणीसाठी भर रस्त्यात थांबवल्याचा आरोप झाला आणि परिवहन खात्याच्या दोघांना अटक झाली. आता इथे कोणाचे किती टक्के? भरपाईसाठी आकडा लागतोच, ते मान्य. पण आकड्यांचंही एकमत नसतं. कर्नाटकातल्या एका खटल्यात, उभ्या ट्रकवर मोटार आदळली तेव्हा, खालच्या न्यायालयांनी दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सप्टेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी मोडली. दिव्यांवाचून, खुणेवाचून हमरस्त्यात उभ्या केलेल्या ट्रकच्या पदरात सगळा दोष गेला. शिवाय चालकाची चूक असलीच, तरी ती सोबतच्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, असंही म्हटलं.

कायद्याने मी सुटले असते म्हणा.

पण दोष हे धान्य नव्हे. ट्रकवाल्याचा वाढला म्हणून भावाचा छटाकभरही कमी होत नाही. त्या रात्री दोघांचाही सोळा आणे होता. आमच्या गल्लीत हातगाडी समोर आली की स्कूटरवाला पाय टेकतो, हातगाडीवाला चाक नालीकडे घेतो, शिव्या मागाहून. तिथे तोंडं दिसतात. महामार्गावर फक्त पाठ दिसते, तीही दिवा असला तर.

दहा दिवसांनी पुन्हा आग्र्याहून येताना भावाने तीच जागा ओळखली. ट्रक कधीच गेला होता. फांदी चाकांखाली चुरडली होती, दगड मात्र तिथेच होते, चारही. भावाने गाडी हळू केली, शिताफीने बाजूने काढली. "कोणीतरी उचलायला हवेत," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला, आणि गिअर बदलला.