सायकलीचा योगक्षेम

न मिळालेले मिळविणे तो योग व मिळालेले राखणे तो क्षेम, असे आम्ही वर्गात सांगत असू. आमच्या नातवास 1945 साली सुरू झालेल्या मुंबई-पुणे सायकल-शर्यतीचा ध्यास आहे. परंतु बोरघाट चढण्यापूर्वी सायकल मुंबईस धड पोहोचावयास हवी! लोहाऱ्यास आगगाडी नाही; मोटारीने सोलापूर गाठावे, मग पुढे. एकदा त्याच्या सोबत्याच्या सायकलीवर वाटेत कोणी पोती रचली; चिमटा वाकला आणि सहा महिन्यांची मेहनत फलाटावरच संपली.

तेव्हापासून आमच्या ओसरीवर सायकल यथाविधि बांधली जाते. पायडले काढावी, डाव्याचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. हँडल सैल करून दांडीच्या रेषेत वळवावे. पुढचे चाक काढल्यावर चिमट्याच्या टोकांमध्ये लाकडी ठोकळा बसवावा, म्हणजे दाबाने ती जवळ येत नाहीत. दांड्यांस जुने लुगडे गुंडाळावे. आडवी ठेवल्यास गिअरची बाजू वर असावी. नावगावाची चिठ्ठी एक आत, एक बाहेर लावावी.

निघताना घरची मंडळी त्यास यश चिंतितात. सूनबाई तेवढी ठोकळा घट्ट बसला की नाही, हे हात लावून पाहते. क्षेमाचा अर्थ तिला न शिकविताच कळला आहे.