पाय न उचलता गिअर

खरं सांगायचं तर फ्लॅट शिफ्ट मला हवी होती ती आवाजासाठी. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतींचे व्हिडिओ बघायचो. गिअर पडताना सायलेन्सरमधून जो बार निघतो, तो आपल्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमधूनही निघावा, एवढीच हौस. वेळ वाचतो वगैरे घरी सांगायला होतं.

फ्लॅट शिफ्टचं तत्त्व सोपं आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवून क्लच मारायचा. क्लचच्या स्विचवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळतं आणि तो तेवढ्यापुरती ठिणगी तोडतो; हाच कट. इंजिन मोकाट सुटत नाही, टर्बोचा दाबही फारसा पडत नाही. जनरल मोटर्सने २००८च्या टर्बो कोबाल्ट एसएसमध्ये ही सोय कारखान्यातूनच दिली होती. मला वाटलं, लॅपटॉपवर दोन आकडे भरले की झालं. ईसीयूच्या पहिल्या मॅपमध्ये कटची अट फक्त आरपीएमची घातली, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ती विसरलो. मग घाटात सभ्यपणे पाय उचलून गिअर टाकला तरी बार! शेजारचा ट्रकवाला काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

पण खरा घोळ स्विचचा. गाडीत मुळात असलेला स्विच पेडल जरासं हललं की लागतो, आणि मी तोच वापरला. त्यामुळे क्लच सुटायच्या आधीच इंजिनची ताकद जायची आणि मान पुढे हिसकायची. मी दोष कटच्या वेळेला देत राहिलो; कमी केली, वाढवली, परत कमी केली. गॅरेजमधला मेकॅनिक म्हणाला, "दादा, लॅपटॉप ठेवा बाजूला, खाली वाकून पेडल बघा." रागच आला. पानेवाल्याने मला शिकवावं?

पुढे स्विच हलवला, तोही पार तळाला. आता क्लच आधी सुटायचा आणि कट नंतर यायचा. मधल्या क्षणात भार नसलेलं इंजिन थेट रेडलाइनला. शेवटी स्विच आणि आरपीएम दोन्ही एकाच लॉगवर घेतले, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आरपीएम जिथे उसळायला लागतो, तिथे क्लच सुटतो. स्विच त्याच्या किंचित वर आणला आणि हिसका गेला.

तोवर नुकसान होऊन गेलं होतं. शर्यतीच्या डॉग बॉक्समध्ये, म्हणजे सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्समध्ये, कट १०० मिलिसेकंदांच्या आत आटोपतो. माझा गिअरबॉक्स सिंक्रोचा; त्यातल्या रिंगा घर्षणाने वेग जुळवतात आणि ईसीयूने काहीही केलं तरी आपला वेळ घेतात. मी मात्र गिअर व्हिडिओतल्यासारखा हाणत होतो. तिसऱ्याची रिंग गेली, गिअर ऑईलमध्ये पितळेचा चुरा चमकत होता. शिवाय ठिणगी तोडली तरी पेट्रोल चालूच असतं. ते न जळता पुढे जाऊन गरम एक्झॉस्टमध्ये पेटतं. तोच माझा लाडका बार. त्याने कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आतली जाळी वितळवली, एक्झॉस्ट तुंबला आणि जिच्यासाठी हा खटाटोप केला ती गाडी चढावर धापा टाकायला लागली.

सध्याच्या मॅपमध्ये अ‍ॅक्सिलरेटर ९० टक्के आणि आरपीएम ४,५०० च्या वर असेल तरच कट लागतो, आणि स्विच अडकलाच तरी अर्ध्या सेकंदात सुटतो. तिसऱ्याला नवी रिंग बसली आहे. मेकॅनिकने ती बसवताना एकच अट घातली: दुसऱ्यातून तिसरा टाकताना पाय उचलायचा. मी उचलतो.