या विमानावर किती तास?

राईतल्या आमच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी बसले, की दक्षिणेकडे मुंबईला उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. परवा असेच बसलो असता नातवाने विचारले, "आजोबा, आपलं स्वतःचं विमान घ्यायला काय लागतं?" त्याचा बाप म्हणाला, "पैसे." मी म्हणालो, "तास." म्हाताऱ्याला आता कमी ऐकू येऊ लागले असावे, अशा नजरेने दोघांनी माझ्याकडे पाहिले. पण मी बरोबर ऐकले होते.

बत्तीस वर्षे मी फोर्टातल्या एका विमा कचेरीत काढली आणि त्यांतली काही विमानांच्या टेबलावर. विमा आणि विमान यांत एका 'न'चेच अंतर. आमचे हेडक्लार्क म्हणत, "तो 'न' नकाराचा." विनोद त्यांचा आवडता होता, आणि दर नव्या कारकुनाला तो एकदा ऐकावाच लागे.

१९९४ सालची गोष्ट. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. एका कारखानदार शेटजींनी जुने 'किंग एअर' विमान विकत घेतले आणि त्याच्या विम्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. शेटजी हौशी वैमानिक होते. फ्लाइंग क्लबात 'सेस्ना १७२' चालवून त्यांनी चारशेवीस तास जमवले होते. खासगी परवान्याला चाळीस तास पुरतात आणि धंदेवाईक परवान्याला दोनशे लागतात. तेव्हा चारशेवीस म्हणजे थट्टा नव्हे. अर्जात सगळे सुवाच्य अक्षरांत भरले होते. एकच रकाना कोरा होता : 'या जातीच्या विमानावरील तास.'

आता तुम्ही म्हणाल, उडता येते त्याला उडता येते. विमान हे काय नि ते काय! मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. पण सेस्नाला एक इंजिन, एकशेसाठ अश्वशक्तीचे, मोटारीच्या इंजिनाचे सख्खे भावंड. किंग एअरला दोन, प्रत्येकी साडेपाचशेच्या घरातली, आणि तीही टर्बाइनची : जेटसारखा ज्वाळेचा झोत चक्र फिरवतो आणि चक्र पंखा फिरवते. वेग जवळजवळ दुप्पट. इंजिन सुरू करताना चक्राने पुरेशी गती घेण्याआधी इंधन सोडले, तर आतली उष्णता अशी भडकते की काही क्षणांत इंजिन भंगारात जमा. आणि जमीन सोडता सोडता एक इंजिन बंद पडले, तर विमान त्या बाजूला वळू लागते. मेलेल्या इंजिनाच्या पंख्याची पाती ताबडतोब वाऱ्याला धारेने फिरवावी लागतात. नाहीतर तो पंखा दारासारखा वारा अडवून विमानाला मागे ओढतो.

बरे, मेले कोणते, डावे की उजवे? हे सोपे वाटते ना? ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईहून निघालेल्या एका टर्बोप्रॉप प्रवासी विमानाच्या उजव्या इंजिनाने दगा दिला, आणि गोंधळात वैमानिकाने धडधाकट डावे बंद केले. अठ्ठावन्नांपैकी त्रेचाळीस माणसे गेली.

सरकार परवान्यावर विमानाच्या जातीची नोंद करते, तेव्हा किमान काय यावे ते पाहते. विमावाला पुढचे विचारतो, कारण खिसा त्याचा असतो. विमानाचा, आतल्या माणसांचा आणि खाली ज्यांच्या डोक्यावर ते पडेल त्यांचाही. आमचा बराचसा भार लंडनचे पुनर्विमेवाले उचलत, आणि त्यांची नजर नेमकी त्या रकान्यावर जाई.

शेटजींचा फोन आला. "अहो, पन्नास लिहून टाका की! भाऊबीजेला बहिणीकडे कोल्हापूरला जायचंय. बायकोमुलांना शब्द दिलाय. जेआरडींना कुणी विचारले होते का तास?" जेआरडींनी ऐन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९८२ साली, कराची ते मुंबई एकट्याने छोटे विमान आणले होते, हे खरे. पण १९२९ पासून ते उडत होते, हे शेटजी सोयीस्करपणे विसरले. मीही त्यांना ते सांगितले नाही. कारण आमच्या साहेबांचाही निरोप आला होता : गिऱ्हाईक मोठे आहे, अडवू नका.

दुसऱ्या दिवशी शेटजींचा माणूस घरी काजूकतलीचा डबा देऊन गेला. रात्री मी तो कोरा रकाना पुढ्यात घेऊन बसलो आणि शिसपेन्सिलीने '५०' लिहिले. पेन्सिलीने, म्हणजे लिहिलेही आणि लिहिले नाहीही. कारकुनाचा भित्रेपणा असाच असतो.

तेवढ्यात सौ. डबा घेऊन आली. मिठाईच्या थराखाली एक पाकीट निघाले होते. घरावर स्लॅब टाकायचा आमचा विचार तीन वर्षे चालू होता, आणि पाकिटात निदान अर्धा स्लॅब असावा. ती म्हणाली, "अहो, कतल्या पोरांनी संपवल्यात, त्या काही परत येत नाहीत. हे तेवढं उद्या देऊन या." आणि जाता जाता त्या कागदाकडे बघून, "विमानात कोण कोण बसणार आहे?"

मी उत्तर दिले नाही. मला काका आठवला. राईच्या पुढे मोर्वे, डोंगरी ओलांडली की उत्तनचे कोळीवाडे लागतात. मी शाळेत होतो तेव्हा काकाने शेताचा तुकडा विकून तिथे यंत्राचा मचवा घेतला. त्याची सारी हयात मिठागरांत आणि खाडीतल्या होडीत गेलेली. होडी तो डोळे मिटून वल्हवी. पण मचव्यावर ठेवलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने पहिल्याच दिवशी त्याचा हात सुकाणूवरून काढला. "मचवा तुझा हाय, पानी तुझा नाय." सगळा हंगाम मालक आपल्याच मचव्यावर खलाशी होऊन जाळी ओढत राहिला. घरी येऊन तांडेलाच्या सात पिढ्या उद्धरी, आणि पहाटे पुन्हा जाई. मचव्यावर त्याचे दोन मुलगेही असत.

मी '५०' खोडले आणि शाईने शून्य घातले. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलले.

लंडनहून उत्तर आले, ते अपेक्षेप्रमाणेच. मालकाने अमेरिकेत विचिटाला, जिथे ही विमाने बनतात त्या गावी, यंत्राच्या खोट्या विमानात शिकावे. परत आल्यावर पन्नास तास शेजारी जाणता वैमानिक घेऊन उडावे. आणि दरवर्षी पुन्हा उजळणी करावी. असल्या शिक्षणाची मोठी शाळा अमेरिकेत १९५१ पासून आहे. ती काढणारा गृहस्थ पॅन अमेरिकन कंपनीच्या अध्यक्षांचा वैमानिक होता. शेटजी कचेरीत येऊन टेबलावर हात आपटून गेले. त्या भाऊबीजेला ते महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला गेले, असे नंतर कळले.

उन्हाळ्यात एके दुपारी ते पुन्हा आले. या वेळी न विचारता खुर्चीवर बसले, पाणी मागितले.

"तुम्हाला ठाऊक आहे, मी तिथं तीनदा मेलो," ते म्हणाले. "उडताना ते डावं इंजिन बंद पाडतात. पहिल्यांदा मी बंद केलं उजवं. दुसऱ्यांदा काहीच केलं नाही, नुसता बघत राहिलो. तिसऱ्यांदा बरोबर ओळखलं, पण उशिरा." मग बूट काढून त्यांनी मला पाय दाखवले, जणू टेबलाखाली पायपट्ट्याच आहेत. "डावं मेलं की नाक डावीकडे वळतं. ते सरळ ठेवायला उजवा पाय जोरात दाबावा लागतो. म्हणजे जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. डोळ्यांवर नाही, पायावर विश्वास ठेवायचा." आमचा शिपाई चहा घेऊन दारात थबकला होता. भर कचेरीत मोजे घातलेला कारखानदार हवेत पाय मारतो आहे, हे दृश्य त्याने पुढे अनेक वर्षे सांगितले.

पाकिटाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.

२८ जून २०१८ रोजी, मी निवृत्त झाल्यानंतर, दूरदर्शनवर बातमी आली. जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक किंग एअर घाटकोपरला पडले. उत्तर प्रदेश सरकारकडून विकत घेतलेले जुने विमान. आतली चार माणसे गेली आणि रस्त्यावरून चाललेला एक वाटसरूही. त्याची कारणे वेगळी होती, आणि तो अर्ज काही माझ्या टेबलावरून गेलेला नव्हता. तरीही मी सौ.ला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, पडद्याकडे पाहिले आणि माझ्या शेजारी बसली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

शेटजींकडून १९९५ च्या दिवाळीतही डबा आला होता. सौ.ने पोरांना हात लावू न देता सगळे थर उचलून पाहिले. तळाशी पाकीट नव्हते, एक चिठ्ठी होती : 'या विमानावरील तास : ६२. उद्या कोल्हापूर. शेजारी कॅप्टन आहेत.'

मग तिने डबा पोरांपुढे ठेवला.