मागून आणलेली जास्वंद

अंगणातल्या लाल जास्वंदीला बी धरलेलं तुम्ही पाहिलंय? बहुतेक नाही. आपल्याकडची जुनी जास्वंद बियांतून जवळजवळ येतच नाही, ती कुणाकडून तरी मागून आणावी लागते. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी, खाली तिरका काप, वर दोन पानं, आणि पावसाळ्यात ओल्या मातीत खोचून द्यायची. त्यामुळे ‘नवीन’ लावलेली जास्वंद खरंतर नवीन नसतेच. शेजारणीच्या झाडाचाच तो दुसऱ्या अंगणात राहायला गेलेला तुकडा असतो. अचलपुरात आमच्या गल्लीत दहा घरी जास्वंद आहे, पण दहा झाडं आहेत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन किंवा तीन असतील.

आमची आजीची आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती अंजनगावला माहेरी गेली आणि येताना विहिरीजवळच्या झाडाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. त्या फांदीच्या फांद्या आज निदान पंधरा घरी असतील. महालक्ष्म्यांच्या आधी बायका फुलं न्यायला येतात आणि जाताना एखादी काडी मागतात. आजी नाही म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी या झाडाच्या पानांवर पिवळी जाळी दिसायला लागली. जो येईल तो म्हणे, लोह कमी पडलं. आमच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत ते खोटंही नाही. चुन्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. पण त्यात पानाचा पडदा पिवळा होतो आणि शिरा हिरव्या राहतात. इथं उलटं होतं. पान हिरवं आणि शिरा पिवळ्या, हळदीच्या दोऱ्यानं कशिदा काढल्यासारख्या. खोटं कशाला बोलू, पान दिसायला फार सुंदर होतं.

शिराच का? तर हा विषाणू पानाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो आणि त्या नळ्या शिरांमधून जातात. त्याला आणणारी पांढरी माशीही सोंड खुपसून नेमका तोच रस पिते. पिवळा रंग म्हणजे विषाणूच्या मुक्कामाचा नकाशा. मी तेव्हा एमएस्सीला होतो. दोन पानं पिशवीत घालून लॅबमध्ये नेली, डीएनए काढला, बेगोमोव्हायरस गटाला चालणारे प्रायमर लावून पीसीआर केली. जेलवर साधारण पाचशे तीस अक्षरांच्या जागी पट्टी आली. गट कळला. त्यातला नेमका कोणता, ते सीक्वेन्सिंगशिवाय कळत नाही, आणि अंगणातल्या जास्वंदीच्या सीक्वेन्सिंगला कोण पैसे देणार!

या गटाची मला मोठी गंमत वाटते. दोन कवचं एकमेकांना चिकटलेली, जुळी भावंडं. म्हणून या कुळाचं नाव मिथुन राशीवरून ठेवलंय, जेमिनीव्हायरस. आत डीएनएचं एकपदरी कडं, साधारण २७०० अक्षरांचं. माणसाच्या एका संचात तीनशे कोटींहून जास्त अक्षरं असतात. तुम्ही फोनवर वाचताय त्या या लेखातली अक्षरं मोजलीत, तर तीही बहुधा २७००च्या वरच भरतील. एवढ्याशा मजकुरात सहा-सात जनुकं, आणि तीही एकमेकांवर चढलेली. तेच अक्षर दोन शब्दांत वापरायचं, असा काटकसरीचा संसार. त्यातल्या पुष्कळांसोबत आणखी एक अर्ध्या लांबीचं कडं फिरतं, बीटासॅटेलाइट. त्यात एकच महत्त्वाचं जनुक, आणि त्या प्रथिनाचं मोठं काम म्हणजे झाडाची प्रतिकारव्यवस्था बंद पाडणं.

झाडाला प्रतिकारव्यवस्था असते हे समजलं, त्यात एका फुलाचा मोठा वाटा आहे. थंडीत परतवाड्याच्या नर्सऱ्यांत काळ्या पिशव्यांतून मिळतो, तो पेटुनिया. १९९० साली अमेरिकेत नापोली आणि जॉर्गेन्सन यांच्या गटानं जांभळा रंग अजून गडद व्हावा म्हणून पेटुनियात रंगाच्या जनुकाची जास्तीची प्रत घातली. फुलं गडद व्हायच्या ऐवजी पांढरी आली, काही पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांची. झाडानं आगाऊ प्रतीसोबत स्वतःची मूळ प्रतही गप्प केली होती. पुढे कळलं की जनुकाचा निरोप वाटेतच कापून टाकायची ही पद्धत झाडं विषाणूंविरुद्ध वापरतात. नर्सरीत पांढऱ्या चांदणीचा पेटुनिया मिळतो ना, ती चांदणी याच गप्प करण्यातून आलेली असते. अशा झाडाला विशिष्ट विषाणू लागला, की चांदणीत पुन्हा जांभळा रंग भरायला लागतो. विषाणूनं कात्रीच मोडलेली असते. आणि या पेटुनियाच्या गुणसूत्रांतच एका वेगळ्या विषाणूचा डीएनए कायमचा शिवलेला आहे. ऊन, जखम, म्हातारपण असा ताण आला की तो जागा होतो. तिथं रोग बाहेरून यावाच लागत नाही.

ट्युलिपची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हॉलंडमध्ये १६३७ साली ज्यांच्या किमती कोसळल्या त्या कांद्यांपैकी सर्वांत महाग होते ते पांढऱ्यावर लाल ज्वाळा असलेले. त्या ज्वाळा विषाणूच्या होत्या. तो पाकळीतला लाल रंग जागोजागी अडवतो आणि खालचा पांढरा उघडा पडतो. १९२८ साली इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत डोरोथी केली यांनी पट्टेरी कांद्याचा तुकडा साध्या कांद्याला जोडून हे पट्टे लागण होऊन येतात हे दाखवलं. त्याच संस्थेतल्या लोकांनी २००३ साली दुसरं जुनं कोडं सोडवलं. जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी इ.स. ७५२ मध्ये उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या एका रानझाडावर कविता केली होती. त्या झाडाचं पिवळेपण बेगोमोव्हायरस आणि बीटासॅटेलाइट यांचं निघालं. आमच्या जास्वंदीत सापडला, तोच गट. वनस्पतींच्या विषाणूरोगाची ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानतात, आणि ती कवितेत आहे.

आपल्याकडची जुनी नोंद मात्र भाजीची आहे. भेंडीच्या पिवळ्या शिरांचा रोग १९२४ साली कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून नोंदवला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, पण पांढऱ्या माशीला इलाखा कुठे कळतो. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस ही चारही एकाच कुळातली भावंडं. फुलं शेजारी ठेवून पाहा, पाच पाकळ्या आणि मधून निघालेली दांडी. कापसाचा पान मुरडणारा विषाणू १९९३ साली श्रीगंगानगरकडे दिसला आणि पंजाब-हरियाणात त्यानं धुमाकूळ घातला. आपल्याकडे त्यानं तसं बस्तान बसवलेलं नाही. पण २००६ साली तो थेट चीनच्या ग्वांगझोऊ भागात सापडला, आणि सापडला तो कापसावर नाही, जास्वंदीवर. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात किडा शिरलाय, कारण काकांचं कपाशीचं वावर आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर आहे. आमच्या झाडात तोच आहे असं मी म्हणत नाही. बारमाही झाडात विषाणूला बारमाही घर मिळतं, एवढंच म्हणतो. कापूस उपटला तरी जास्वंद उभीच असते.

हे मी आजीला समजावलं.

“पान पिवळं पडलं त का झालं? फूल त लालच हाय ना.”

“आजी, फांदी देशीन त रोगबी देशीन.”

“मंग कोनाले नाही म्हनू? फांदी मांगाले आलेल्या बाईले नाही म्हनते का कोनी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विज्ञानाकडे एक आहे. फांदीच्या अगदी टोकाला, मिलिमीटरच्या काही दशांशाएवढ्या वाढत्या बिंदूत, अन्नरसाच्या नळ्या अजून तयार झालेल्या नसतात आणि विषाणू बहुधा तिथवर पोचत नाही. तेवढाच कण कापून बाटलीत वाढवला तर झाड निरोगी मिळू शकतं. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ साली हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेही एका फुलझाडावर, डेलियावर. आज आमच्या तालुक्यात टिश्यूकल्चरची केळी सर्रास लागते. मी एका लॅबला फोन केला. समोरच्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती हजार रोपं पाहिजेत?”

एक, मी म्हणालो. तो हसला, पण चांगलं हसला. वाढता बिंदू कसा कापायचा, बाटलीतलं माध्यम कशाचं, ते त्यानं वीस मिनिटं सांगितलं. आता कॉलेजातल्या एका मित्राच्या टेबलावर सहा बाटल्या आहेत. दोनांत बुरशी आली. एक काळी पडली. उरलेल्या तिघींत तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी आहे. रोपं झालीच तर पुन्हा पीसीआर करावी लागेल.

तोवर भेंडीचं वाफं अंगणातून मागच्या परसात नेलंय. जास्वंदीवर मच्छरदाणी टाकून उपयोग नव्हता, माशी जेमतेम मिलिमीटरभर, भोकांतून आरामात जाते. म्हणून रोपवाटिकेची बारीक जाळी आणली. या वर्षी मागायला आलेल्या दोघींना आजीनं फुलं दिली, परडी भरून. काडीचं विचारलं तेव्हा म्हणाली, “पोट्टा बाटलीत बनवून राहिला, पुढच्या साली नेजा.”