दादांचं स्टेशन नकाशावर

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या ऑनलाइन अंकासाठी माझ्या आत्याने छोट्या गाडीवर लेख लिहिला. छोटी गाडी म्हणजे डभोईची नॅरो गेज. बडोद्याच्या मराठी घरांतून जी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे, तिचं चांदोदचं पर्वस्नान, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन, सुट्टीतलं आजोळ असं बरंच काही या गाडीशी जोडलेलं आहे. लेख छान होता. संपादकांनी एवढंच म्हटलं, ‘सोबत एक नकाशा हवा. आताच्या मुलांना हे मार्ग कुठे होते ते कळणार नाही.’

घरात इंजिनिअर मी. साहजिकच काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, ‘त्यात काय? रविवारी दुपारी करून देतो.’

त्या रविवारच्या दुपारला साडेतीन महिने लागले. त्याची ही गोष्ट.

पहिला सोपा उपाय होता मोबाइलवरच्या नकाशाचा फोटो काढून त्यावर लाल रेघ ओढायची. पण तो नकाशा दुसऱ्याच्या मालकीचा, असा उचलून छापता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तो आजचा नकाशा. त्यात डभोईहून एकतानगरला जाणारी रुंद लाइन दिसते, हायवे दिसतो, पेट्रोलपंप दिसतात. जे उखडलं गेलं ते दिसत नाही. आम्हाला तर नेमकं तेच दाखवायचं होतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1862 साली, खंडेराव महाराजांच्या काळात, मियागाम ते डभोई असा सुमारे 32 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. भारतातला हा पहिला नॅरो गेज मार्ग. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. आपल्या नेहमीच्या रुंद लाइनच्या निम्म्याहूनही कमी. सुरुवातीला डबे ओढायला चक्क बैल होते. पुढे जड रूळ टाकले आणि इंजिनं नियमित धावू लागली. मग सयाजीराव महाराजांच्या काळात जाळं वाढत गेलं. डभोईला मियागाम, बडोदा, चांदोद, बोडेली आणि समलाया अशा पाच दिशांनी गाड्या येऊ लागल्या.

या जाळ्यावरच्या एका अगदी लहान स्टेशनवर माझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, बुकिंग क्लार्क होते. ते नोकरीला लागले गायकवाडांच्या रेल्वेत. 1949 साली बडोदा संस्थान विलीन झालं आणि ही रेल्वे बीबीसीआयमध्ये गेली. 1951 साली पश्चिम रेल्वे झाली. एकाच खुर्चीत बसून मी तीन मालक बघितले, असं ते म्हणत. आत्याचं लहानपण त्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये गेलं. आमच्या घरात त्या जागेला गावाच्या नावाने कोणी ओळखत नाही. ती जागा म्हणजे ‘दादांचं स्टेशन’. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. दादा जाऊन पंचवीस वर्षं झाली, रूळही उखडले गेले. लेख वाचून झाल्यावर आत्या मला म्हणाली होती, ‘बाकीचं कसंही कर, पण दादांचं स्टेशन जागच्या जागी दाखव.’

तेव्हा कामाला लागलो. पायासाठी ओपनस्ट्रीटमॅप घेतला. 2004 साली सुरू झालेला हा नकाशा जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून केलेला आहे. खाली श्रेय दिलं की कोणालाही वापरता येतो. जुन्या माहितीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत मिळवली. एक इंच म्हणजे एक मैल, या प्रमाणातली. तिच्यावर छोटी लाइन आणि स्टेशनं बारीक अक्षरांत व्यवस्थित होती.

आता हा कागद आजच्या नकाशावर नेमका बसवायचा. क्यूजीआयएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हे करता येतं. पद्धत ऐकायला सोपी आहे. जुन्या नकाशावर एक जागा निवडायची, तीच जागा आजच्या नकाशावर दाखवायची. अशा आठ-दहा जोड्या दिल्या की सॉफ्टवेअर जुना कागद ताणून, फिरवून बसवतं आणि प्रत्येक जोडीत किती चूक राहिली तेही सांगतं. खरी अक्कल लागते ती जागा निवडताना. मी आधी नदीची वळणं घेतली. ओरसंग रेताड नदी, दर पावसाळ्यात पात्र बदलणारी. सगळा नकाशा वाकडा झाला. मग लक्षात आलं की न हलणारी गोष्ट हवी. ती डभोईतच होती. पूर्वेला हिरा भागोळ, पश्चिमेला वडोदरी, दक्षिणेला नांदोदी आणि उत्तरेला महुडी, असे डभोईच्या जुन्या किल्ल्याचे चार दरवाजे. शेकडो वर्षं जागचे न हललेले. ते चार खुंट पकडले आणि कागद बसू लागला.

तरी सगळं काही मीटरांनी सरकलेलंच. याचं कारण शोधताना मी दोनशे वर्षं मागे गेलो. भारताच्या मोजणीचं महाकाय काम विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलं आणि ते चालू असतानाच 1823 मध्ये तो वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते चालवलं. पृथ्वीचा गोळा नेमका किती चपटा, याचे त्याचे 1830 चे आकडे धरून आपले जुने नकाशे काढले गेले. आपल्या मोबाइलचं जीपीएस वेगळे आकडे धरतं. म्हणून त्याच अक्षांश-रेखांशाचा बिंदू दोन नकाशांत वेगवेगळ्या जागी पडतो, कधी कधी शंभर मीटरहूनही लांब. जुन्या नकाशाला त्याचा गोळा सांगितला, तेव्हा तो शहाण्यासारखा वागायला लागला.

मग सगळे मार्ग आखून वेब पेजवर चढवले आणि आत्याला लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन. ‘अरे, चांदोदला बर्फ कधीपासून पडायला लागला?’

उघडून बघतो तर आमची छोटी गाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात धावत होती. कारण हास्यास्पद आहे. मी ज्यात माहिती साठवली त्या जीओजेसनमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. मी ज्याने नकाशा दाखवला त्या लीफलेटला बिंदू देताना आधी अक्षांश आणि मग रेखांश द्यावा लागतो. डभोई साधारण 22.1 उत्तर, 73.4 पूर्व. उलट झालं की 73.4 उत्तर, 22.1 पूर्व. तिथे थंडगार पाणी आहे. बारा वर्षं कोड लिहितोय, तरी ही चूक झालीच.

पुढची अडचण आपल्या लिपीची. नकाशा अधिक गुळगुळीत फिरावा म्हणून मी एक नवी पद्धत वापरून बघितली. तिच्यात जोडाक्षरंच जुळेनात. ‘विश्वामित्री’मधला ‘श्व’ सुटा, ‘त्री’चे तुकडे, वेलांटी भलतीकडे. ज्या स्टेशनवर आमच्या चार पिढ्या उतरल्या त्याचं नाव असं मोडकं बघवेना. शेवटी चकचकीतपणा सोडला आणि नावं साध्या वेब पेजच्या मजकुरासारखी वर ठेवली. ब्राउझर मराठी नीट लिहितो. नकाशा जरा अडखळतो, पण शुद्ध मराठीत अडखळतो.

आता उरलं दादांचं स्टेशन. जुन्या नकाशावर त्याची खूण होती. पण एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 63 मीटर होतो. स्टेशनची खूणच दोन मिलिमीटरची. म्हणजे सव्वाशे मीटरच्या त्या ठिपक्यात स्टेशन नेमकं कुठे, हे कागद सांगू शकत नव्हता. उपग्रहाच्या चित्रात जुना मार्ग मात्र ओळखू आला. गाडीला काटकोनात वळता येत नाही. त्यामुळे चौकोनी शेतांमधून जाणारी एक लांबलचक, सावकाश वळणारी रेघ दिसली की समजावं, इथे कधीतरी रूळ होते. पण स्टेशन?

आत्याच्या लेखात एक वाक्य होतं. ‘फलाटाच्या डभोईकडच्या टोकापासून शंभर पावलांवर विहीर. पाणी आणायचं काम माझं.’ मी शंभर पावलं म्हणजे 75 मीटर धरले आणि विहिरीची खूण करून ठेवली.

जानेवारीत एका शनिवारी आत्या, बाबा आणि मी गाडीने निघालो. गावाबाहेर जुना रेल्वेचा बांध आता बैलगाडीची वाट झाला आहे. मोबाइल हातात धरून चाललो. झाडोऱ्यात विटांची एक लांब कड दिसली. बाबा म्हणाले, ‘फलाट.’ आत्या काही बोलली नाही. आम्ही त्या कडेच्या टोकापासून माझ्या खुणेपर्यंत गेलो. तिथे एरंडाचं शेत. विहिरीचा मागमूस नाही. आत्याचा चेहरा उतरला. ‘मग हे ते नसेल,’ ती म्हणाली. ‘मलाच नीट आठवत नसेल आता.’ गेल्या वर्षभरात ती हे वाक्य जरा जास्तच वेळा म्हणायला लागली होती. आम्हाला दोघांनाही ते ऐकवत नसे.

परत फिरताना बाबांनी सहज विचारलं, ‘ताई, पाणी आणायचीस तेव्हा किती वर्षांची होतीस तू?’

‘सात-आठ असेन.’

मी जागीच थांबलो. सात वर्षांच्या मुलीचं पाऊल 75 सेंटिमीटरचं कसं असेल? तेही हातात कळशी घेऊन! पाऊल 45 सेंटिमीटर धरलं तर शंभर पावलं म्हणजे 45 मीटर. मी विटांच्या कडेपासून पुन्हा मोजत निघालो. त्या अंतराच्या आसपास बाभळीखाली जमीन थोडी खचलेली, गोल. एक शेतकरीकाका आमचा हा खेळ बघत उभे होते. ते जवळ आले आणि म्हणाले, ‘अहीं कूवो हतो, बेन. पूरी दीधो.’ इथे विहीर होती, बुजवून टाकली.

आत्याची आठवण बरोबर होती. माझं गणित चुकलं होतं. ती तिथे पाच-दहा मिनिटं नुसती उभी राहिली. मग म्हणाली, ‘दादांची खिडकी त्या बाजूला होती,’ आणि पुढचा तासभर बोलतच राहिली. मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. हे मी आधीच करायला हवं होतं.

घरी येऊन नकाशा पुन्हा आखला, तीन प्रकारच्या रेषांनी. जे आज जमिनीवर दिसतं त्याला अखंड रेष. जे फक्त जुन्या नकाशावर आहे त्याला तुटक रेष. जे माणसांनी सांगितलं आहे त्याला ठिपके, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की कोणत्या वर्षांची आणि कोणत्या वयाची आठवण आहे ते दिसतं. मंडळातल्या एका काकांना तुटक रेषा आवडल्या नाहीत. ‘अर्धवट वाटतं रे, सगळी अखंड कर,’ म्हणाले. मी नम्रपणे नाही म्हटलं. छापील नकाशावर लोक चटकन विश्वास ठेवतात. वीस वर्षांनी कोणी हा नकाशा उचलून पुढे वापरला, तर आपल्याला काय ठाऊक होतं आणि काय आपण अंदाजाने काढलं, हे त्याला कळलं पाहिजे. आता काकाच सगळ्यांना रेषांचे अर्थ समजावून सांगतात.

तुमच्यापैकी कोणाला असं काही करायचं असेल, मग ते बेळगावचा किल्ला असो, इंदूरच्या छत्र्या असोत की हैदराबादच्या जुन्या कोटाचे दरवाजे, तर माझ्या चुकांतून शिकलेलं एवढंच सांगतो. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि महिन्याभरात येतं. नदीला खुंट मानू नका, जुन्या दगडाला माना. प्रत्येक रेषेसोबत ती कुठून आली ते लिहून ठेवा. राहत्या घरांचे नेमके पत्ते टाकू नका, गल्लीपर्यंत पुरे. आणि कॉम्प्युटर उघडण्याआधी घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाशेजारी बसा. जुने नकाशे आणखी पन्नास वर्षांनीही मिळतील.

आत्याच्या मोबाइलवर आता तो नकाशा कायम उघडा असतो. मागच्या आठवड्यात तिने मला एक दुरुस्ती सांगितली. फलाटावरचं झाड कडुलिंबाचं नव्हतं, गोरसचिंचेचं होतं. ठिपका तोच ठेवला आहे, झाडाचं नाव बदललं आहे.