हळदीचा इसार

आगरी घरात हळद लग्नाहून मोठी. घणसोली गावात त्या रात्री अख्खी आळी जेवायला असते. अशा वेळी मांडववाला इसार घेऊन फोन बंद करतो, तेव्हा घरचे काय म्हणतात? "जाऊ दे, शुभकार्यात वाद नको." मांडव काय, भावकी एका दिवसात उभा करते, पुतणीच्या हळदीला केलाच. पण आपल्या ‘जाऊ दे’च्या जोरावरच तो पुढच्या घरी इसार घेतो, हे मनातून जात नाही.

म्हणून वहीत मांडून ठेवतेय. माणूसच बनावट निघाला आणि पैसे ऑनलाइन गेले, तर त्याच क्षणी सायबर हेल्पलाइन, १९३०. पावती, चॅट, यूपीआयची नोंद जपायची. मुदत देऊन लेखी नोटीस. मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पहिल्यापासूनच फसवायचा हेतू असेल, तर पोलीस ठाणे आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८.

वहिनी म्हणते, पोर आधी सासरी नांदू दे. नांदतेय की! नोटीस उद्या जाईल.