खुंट्यावरचा दुसरा हात

जात्याला खुंटा एकच असतो, पण दळण मोठं असलं की तो दोघींनी धरायचा. समोरासमोर बसायचं, एकीने ओढायचं, दुसरीने लोटायचं, आणि मोकळ्या हाताने मूठ मूठ ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची. गोदावरीकाठी गंगाखेडच्या बाजूला आमचं गाव. मी आजीचं जातं पाहिलं तेव्हा ते फिरायचं थांबलं होतं. गावात गिरणी येऊन जमाना झाला होता आणि ओसरीच्या कोपऱ्यात ते दोन काळे दगड एकमेकांवर निमूट बसलेले असायचे. पण पहाटेच्या दळणाचं सांगू लागली की आजीचा उजवा हात आपोआप मांडीवर गोल फिरू लागे, डोळे मिटत, आणि कधीच्याच निघून गेलेल्या तिच्या थोरल्या जाऊबाई पुन्हा येऊन समोर बसत. एकटीनं दळलं की दळण सरता सरत नाही, ती म्हणायची, आणि दोघींनी दळलं की कधी सरलं ते कळत नाही.

पीठ दोन्ही वेळी तेवढंच.

पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जातं नाही. नवरा, मी, सात वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा, एवढीच माणसं. घरात राहून काम करणारं आणखी कोणी नाही. इथे सकाळ आधी कानांवर येते. वरच्या मजल्यावर बादली सरकते, शेजारी कुकरची पहिली शिट्टी होते, खाली रस्त्यावर दुधाचे क्रेट आदळतात, आणि अजून झोपेतच असलेला माझा हात कणकेच्या डब्याचं झाकण शोधू लागतो. मग एकामागून एक सगळं जागं होतं: डब्याची पोळी, मोज्याचा हरवलेला जोड, वेणीतला न सुटणारा गुंता, बाटलीत भरायचं पाणी, आणि खिडकीतून आलेल्या कोवळ्या उन्हाच्या पट्ट्यात, काल पुसलेल्या फरशीवर आज पुन्हा उतरत असलेली धूळ, इतकी सोनेरी, इतकी संथ, की हातातला झाडू क्षणभर तसाच राहतो.

तिलाही घर हवं असेल.

पावसाळ्यात आमच्या हॉलचं रूपच पालटतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी जाते, तिच्यावर गणवेश, टॉवेल, परकर, ओढण्या चढतात, पंखा दिवसरात्र फिरत राहतो, आणि साबणाचा, दमट सुताचा, बाहेरच्या भिजलेल्या मातीचा असा एक मिसळलेला वास घरभर राहायला येतो. मुलं त्या ओल्या कापडांच्या गल्ल्यांमधून पळतात. एखादी बाही गालाला लागते, एखादी ओढणी डोक्यावरून ओघळते, आणि न वाळणाऱ्या कपड्यांची माझ्या मनातली सारी काळजी त्यांच्या हसण्यात काही वेळ विरून जाते. मग कधीतरी ऑक्टोबर येतो. गॅलरीत ऊन कडक होतं, चादरी दुपारपर्यंत खडखडीत वाळतात, आणि त्या काढताना छातीशी धरल्या की ऊनच कवेत घेतल्यासारखं वाटतं.

पलंगाची मोठी चादर एकटीला नीट घडी करता येत नाही. तिला दोन माणसं लागतात. म्हणून मी लेकीला हाक मारते. ती दोन कोपरे धरते, मी दोन. ती मागे सरकत भिंतीपर्यंत जाते, चादर ताणली जाते, आणि दोघींनी मिळून एक झटका दिला की सगळ्या सुरकुत्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट होऊन धावतात. मग चालत एकमेकींकडे यायचं. तिचे हात उंच, टाचा उचललेल्या, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. माझे हात तिच्यासाठी खाली आलेले. कोपऱ्याला कोपरा लागतो, बोटांना बोटं लागतात, तिच्या हातातली चादर माझ्या हातात येते आणि ती वाकून खालची दुमडलेली कड उचलते. पुन्हा दूर, पुन्हा जवळ. दर वेळी आमच्यातलं अंतर निम्मं होत जातं, आणि शेवटच्या घडीला ती माझ्या इतकी जवळ असते की तिच्या केसांतला खोबरेल तेलाचा वास येतो.

या वेळेला काम म्हणावं का, मला ठरवता येत नाही.

२०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर पाहणीने अशा कामांची मिनिटं मोजली आहेत. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९, पुरुषांची ९७. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला आधी आई दिसते, मग आजी, मग ओसरीतलं ते जातं. आणि मिनिटांच्या फटींतून निसटलेलं कितीतरी दिसतं. दूध वर यायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो ऐकणारा कान किती मिनिटं कामावर असतो? बोलता बोलता, वाचता वाचता, मुलाला गोष्ट सांगतानाही तो कान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला असतो. परवा गोष्टीतला राजपुत्र जंगलात पोचला, तेवढ्यात माझ्याआधी नवरा उठला. त्यानेही ऐकलं होतं. गॅस बंद झाल्याचा खट्‌ आवाज आला आणि माझ्या खांद्यावरून नेमकं काय उतरलं ते मला शब्दांत धरता आलं नाही. राजपुत्र मात्र त्या रात्री पहिल्यांदाच न अडखळता घरी पोचला.

‘चोवीस तासांची बाई ठेव ना,’ असं सांगणाऱ्यांची माया मला कळते. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं तिथे असा आधार किती मोलाचा, तेही ठाऊक आहे. पण ते बोलणं ऐकलं की मी त्या न आलेल्या बाईचा विचार करत राहते. ती रात्री हॉलमध्ये अंथरूण टाकेल, सकाळी आमच्या आधी ते गुंडाळून ठेवेल. माझ्या मुलांच्या वेण्या, डबे, दप्तरं तिच्या हातून होतील, आणि तिची स्वतःची लेकरं कुठल्याशा गावात आजीच्या हाताखाली वाढत असतील, फोनच्या छोट्या पडद्यावर आईला शोधत असतील. त्यांच्या वेणीतला गुंता कोण सोडवेल?

आणि मला जनाबाई आठवते.

जनाबाई आमच्या गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींकडे आली, नामदेवांच्या त्या भरल्या घरात वाढली आणि राबली. आपल्या अभंगांत ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते. तिच्यासोबत विठ्ठल दळायला बसतो, केर भरतो, पाणी वाहतो, तिचे केस विंचरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचं जातं दाखवतात. लहानपणी आजीच्या कुशीत ही गोष्ट ऐकताना मला नवल वाटायचं ते विठ्ठलाचं, विटेवरून उतरून आलेल्या त्या सावळ्या पायांचं. आता स्वतःच्या घरात, भांड्यांच्या ढिगासमोर उभी असताना, मन त्या मुलीपाशी जाऊन थांबतं. पहाटेचा अंधार, दगडावर दगडाची घरघर, घरात एवढी माणसं झोपलेली, आणि समोरची जागा रिकामी. खुंट्याला दुसरा हात लावणारं कोणीच नव्हतं.

म्हणून देवाला यावं लागलं.

तिच्यानंतरही कित्येक शतकं बायका अशाच पहाटे बसल्या आणि रिकाम्या जागेशी बोलल्या. कुणी भावाला बोलावलं, कुणी माहेराला, कुणी त्याच विठूला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून, मुळशी-मावळच्या गावांपासून सुरुवात करून, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या पिठाची भाकरी त्याच दिवशी खाल्ली गेली, सारवलेली जमीन दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरली, पण हाका राहिल्या. त्या ओव्यांकडे मी अशा नजरेने पाहते की या साऱ्या जणी कुणीतरी समोर येऊन बसावं म्हणून गात होत्या, आणि आपल्याला आता समोर बसता येतं.

हिवाळ्यात मेथी येते. जुडी सोडली की मातीचा गार वास ओट्यावर पसरतो. मुलगा मांडीला मांडी लावून बसतो, एक काडी उचलतो, डोळ्यांजवळ नेतो, आणि एकेक पान असं खुडतो की जणू ते दुखू नये. मी पाच काड्या संपवते तेव्हा त्याचं तिसरं पान ताटात पडतं. मधेच एखादा इवला किडा सापडतो, मग त्याला गॅलरीतल्या कुंडीत सोडून यायचं असतं. भाजीला उशीर होतो, बाहेर संध्याकाळ निळी होत जाते, आणि घाईने भरलेला माझा दिवस त्या चार वर्षांच्या बोटांपाशी येऊन आपला वेग विसरतो. जेवताना तो ताटातली भाजी निरखतो आणि विचारतो, ‘यातलं माझं पान कोणतं?’

रात्री ओटा पुसून झाला की उद्याची कामं हळूच आजच्यात शिरतात. कोमट दुधात विरजण, पातेल्यात भिजत घातलेली मटकी, दाराशी मांडलेले बूट. थकवा पायांत उतरलेला असतो, कंबर बोलत असते, पण सिंकपाशी नवरा उभा असतो, नळाच्या धारेखाली ताटं एकेक करून उजळत असतात, लेक चमचे पुसून खणात ठेवत असते. कोणी फारसं बोलत नाही. झाकलेल्या पातेल्यात मटकीने पाणी प्यायला सुरुवात केलेली असते.

एवढ्याने घर आवरतं असं नाही. पण मुलांना काम दिसतं. ताट आपोआप स्वच्छ होत नाही, गणवेश आपोआप कपाटात जात नाही, प्रत्येक वस्तूमागे एक हात आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटकं बंद झाली आणि मोठमोठ्या माणसांना आपल्या घरामागचे हात तेव्हा कुठे दिसले. माझ्या मुलांना ते आत्ताच दिसावेत, उंची ओट्याएवढी नसतानाच.

गेल्या आठवड्यात शाळेतून येताना जिना ओला होता. झाडणाऱ्या मावशी वरच्या पायरीवर फडकं पिळत होत्या. मी घाईने पाऊल टाकणार तोच लेकीने माझा हात ओढला. ‘आई, थांब ना. त्यांनी आत्ताच पुसलंय.’ मग मावशींकडे वळून म्हणाली, ‘मावशी, बादली मी वर आणून ठेवू?’ मावशी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. ‘जड आहे गं बाळा,’ म्हणाल्या. पण कडीचा एक भाग त्यांनी तिच्यासाठी सोडला. एका कडीवर दोन हात, एक काळवंडलेला, भेगाळलेला, एक शाईचे डाग पडलेला, आणि बादली एक पायरी वर गेली.

माझी ही पोर देवभक्त आहे, असं मी कुणाला कधी सांगणार नाही. पण त्या क्षणी मला जनाबाईची गोष्ट आजवर समजली नव्हती तितकी समजली. विठ्ठलाने तिच्यासाठी केलेल्या कामांची यादी मी मनात पुन्हा म्हटली. दळण दळलं, केर भरला, पाणी वाहिलं, केस विंचरले. त्यात माणसाला न जमणारं काहीच नव्हतं.